‘बरं’चे चार मार्क

सातपूरच्या कामगार वसाहतीत जाऊन चांगुणा गांगुर्डेचं घर विचाराल तर माणसं डोकं खाजवतील. ‘आशाताईंचं घर’ विचारा, मग बघा, हातातलं काम टाकून पोचवायला येतील. चौदा वर्षं ही बाई आशा सेविका म्हणून त्याच सात गल्ल्या तुडवते आहे. कुणाला कितवा महिना, कुणाच्या लेकराचा डोस चुकला, कुणाची बीपीची गोळी संपत आली, सगळं तिच्या डोक्यात; रजिस्टर आपलं वरच्यांच्या समाधानासाठी. उंचीनं बेताची, चालणं तरातरा, आणि आवाज खणखणीत. बाळाला डोस द्यायला नको म्हणणाऱ्या एका बापाला तिनं भर चौकात असं झापलं होतं, की तो बिचारा बाळाला घेऊन तिच्या आधी दवाखान्यात जाऊन बसला.

अशी बाई कशाला भिणार, असं कुणालाही वाटेल. पण ती भीत होती. पोळ्या लाटताना भीत होती, लोकांच्या दारात हसत उभी असतानाही भीत होती. आणि ते कुणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून एक पट्टी वर आवाज लावून बोलत होती.

भीती होती नवऱ्यापायी. गैरसमज नको, वाल्मीक गांगुर्डे काही हात उगारणारा माणूस नाही. उलट इतका मवाळ, की भाजीवाल्यानं किडकं वांगं टाकलं तरी निमूट घेऊन येईल. चांगुणाला धास्ती होती ती हा माणूस एक दिवस कुणाला न सांगता निघून जाईल याची. आणि ही धास्ती उगाच नव्हती. एकदा तो गेलेला होता.

वाल्मीक एकोणीस वर्षं एका छोट्या कारखान्यात पॉवर प्रेसवर होता. पत्रा दाबून त्याला आकार देणारं ते यंत्र. एका सेकंड शिफ्टला शेजारच्या प्रेसमध्ये त्याच्या जोडीदाराचा पंजा गेला. त्या प्रेसचा साचा वाल्मीकनं बसवला होता. चौकशी झाली, वाल्मीकची काही चूक नाही हे कागदावर आलं, जोडीदार स्वतः दवाखान्यातल्या खाटेवरून म्हणाला, “तुझं काय त्याच्यात, वाल्मीक?” पण ह्याच्या डोक्यातून ते जाईना. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण, मग कामच सुटलं. घरात कुणी विचारलं तर एकच उत्तर, “बरं आहे.”

काम सुटून दोन महिने झाले आणि एका सकाळी त्यानं डबा मागितला. चांगुणाला वाटलं, चला, कुठंतरी लागला वाटतं! हरखून तिनं मेथीची भाजी केली, वर लसणाची चटणी दिली. संध्याकाळी पोलिसांचा फोन आला. सोमेश्वरच्या पुढं नदीकाठी एक माणूस सकाळपासून बसलाय, येऊन घेऊन जा. ती गेली तेव्हा डबा तसाच भरलेला होता, आणि चपला काढून बाजूला नीट जोडून ठेवलेल्या होत्या. त्या चपला बघून चांगुणा तिथंच मातीत बसली. वाल्मीक म्हणाला, “पाणी बघत होतो.” त्यावर तिनं पुढं काही विचारलं नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. विचारलं आणि त्यानं खरं सांगितलं तर काय करायचं?

त्याच महिन्यात वॉर्डाच्या सरकारी दवाखान्यात दर शुक्रवारी मनाची ओपीडी सुरू झाली. एक डॉक्टर, एक समुपदेशक बाई, गोळ्या फुकट. पाटीवर नाव भलंमोठं होतं, पण वसाहतीत ते कुणी उच्चारलं नाही. लोक नुसतं ‘शुक्रवारचं’ म्हणायचे. “शुक्रवारी जाऊन आलो,” एवढं म्हटलं की ऐकणारा मान हलवायचा, पुढं खोदायचा नाही. शहाणी पद्धत. वेड्यांचा दवाखाना म्हटलं असतं तर चिटपाखरू फिरकलं नसतं.

चांगुणानं वाल्मीकला पहिल्या शुक्रवारी जवळजवळ ओढत नेलं. सहा महिन्यांनी तो जेवताना भाजीला नावं ठेवायला लागला, तेव्हा ही बाई मोरीत जाऊन आनंदानं रडली. वर्षभरात त्यानं एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगचं काम धरलं, सकाळची पाळी, यंत्राला हात लावायचा नाही. सिन्नरला दिलेली लेक, आरोही, माहेरी आली की बापाशी पत्ते खेळायची. सगळं रांगेला लागलं होतं. बाहेरून तरी तसंच दिसत होतं.

आणि या फेब्रुवारीत ती पाहणी आली.

सगळ्या आशांना एका हॉलमध्ये बोलावलं. पुण्याहून आलेले एक तरुण साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. लोकांच्या मनाची तब्येत मोजायची, म्हणाले. प्रत्येक भागाला शंभरपैकी मार्क मिळणार. ते बघून वर ठरणार की पुढची तीन वर्षं मनाच्या दवाखान्यांचा खर्च कुठं करायचा. मार्क कमी तिथं गरज जास्त. साठाच्या वर मार्क आले की त्या भागात गरज नाही, तिथला दवाखाना एकतीस मार्चनंतर दुसरीकडं हलणार.

बायका चहाबिस्किटांत होत्या. चांगुणानं मात्र हात वर केला, “साहेब, माणूस बरा झाला म्हणून औषध काढून घ्यायचं का?”

साहेब हसले. हसण्यात वाईटपणा नव्हता. “ताई, औषध गोळीचं असतं तसं पैशांचंही असतं. जिथं दुखतंय तिथंच लावायला हवं ना?” चुकीचं तर म्हणत नव्हते.

मोबाईलमधलं ॲप सोपं होतं. घरांची यादी ॲपच देणार, घरातलं कुठलं माणूस निवडायचं तेही ॲपच सांगणार. प्रश्न पाच. गेल्या दोन आठवड्यांत मनातून कसं वाटलं? झोप कशी लागली? घरच्यांशी कसं चाललंय? दिवस कसे जातात? पुढच्या दिवसांचा विचार आला की कसं वाटतं? प्रत्येकाला उत्तरं तीच पाच: खूप वाईट, वाईट, ना धड ना वाईट, बरं, खूप छान. एक मार्कापासून पाच मार्कांपर्यंत. उत्तर सुचवायचं नाही, माणूस बोलेल ते दाबायचं आणि पुढं जायचं.

आता मला सांगा, ‘ना धड ना वाईट’ असं उत्तर देणारा माणूस तुम्ही जन्मात पाहिलाय? आणि ‘बरं’ला चार मार्क! अहो, आपल्याकडं ‘बरं’ म्हणजे काय ते शेंबड्या पोराला कळतं. सोयरा आला, त्यानं विचारलं कसं काय, तर बरं. सून छळते, बरं. सासू छळते, तरी बरं. ‘बरं’ म्हणजे आता पुरे, पुढं विचारू नका, चहा घ्या. पण कुठल्या तरी थंडगार खोलीत बसून कुणीतरी ते इंग्रजीतून मराठीत आणलं होतं, आणि त्याच्या हिशेबी बरं म्हणजे चांगलं. झालं!

पहिल्या दिवशी चांगुणानं अकरा घरं केली. अकराही घरं बरी. धोंडीराम नावाचे एक म्हातारे वॉचमन आहेत, बायको गेल्यापासून दारात खुर्ची टाकून दिवसभर गेटकडं बघत बसतात. पाचही प्रश्नांना त्यांचं उत्तर, “बरं हाय बाई, बरं हाय.” चांगुणाचं बोट स्क्रीनवर अडलं. ह्या म्हाताऱ्याला तिनंच शुक्रवारचा रस्ता दाखवला होता. त्यांच्या गोळ्या कोणत्या रंगाच्या ते तिला ठाऊक होतं. तरी बोटानं चारचं बटण दाबलं. पाच वेळा.

चौथ्या दिवशी ॲपमध्ये तिच्या भागाची सरासरी दिसायला लागली. अठ्ठ्याहत्तर.

त्या आकड्यानं तिची झोप उडवली. अठ्ठ्याहत्तर! शाळेत तिला स्वतःला कधी एवढे मार्क पडले नव्हते. ती दर तासाला ॲप उघडून बघायची, जसं काही मधल्या वेळात आकडा आपोआप खाली येणार होता. एकतीस मार्च. मोजून पाच शुक्रवार. त्याच्यापुढं काय? वाल्मीकला महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचं, दोन बस बदलायच्या, तिथल्या रांगेत उभं करायचं. जाईल? एकदा जाईल, दोनदा जाईल, तिसऱ्यांदा म्हणेल, राहू दे, बरं आहे मला. आणि मग एका सकाळी डबा मागेल.

मग तिनं चोरी केली. चोरी कसली, नियमाबाहेर जाऊन एक प्रश्न विचारला, एवढंच.

लताबाईंच्या घरी विचारला. लताबाई म्हणजे निफाडकडच्या, वसाहतीत तीस वर्षं राहूनही बोली तशीच. “लताबाई, मनातून कसं वाटतं?” “बरं हाय.” चांगुणानं इकडं तिकडं पाहिलं आणि म्हणाली, “बरं म्हणजे कसं हो?”

“बरं म्हंजे बरं. ल्योक बोलत नाय, सून बोलत नाय, म्या बी बोलत नाय. भांडान नाय, तंटा नाय. जेवाया ताट सरकवून देत्यात.” मग लताबाई थांबल्या. पदर तोंडाशी घेतला. “आशाताई, तुला सांगू? परवा म्या आरशाशी बोलले. म्हटलं, आवाज हाय का गेला ते तरी बघावं.” आणि त्या हुंदके देऊन रडायला लागल्या. चांगुणानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि दुसऱ्या हातानं ‘खूप वाईट’ दाबलं. लताबाईंचं दुःख खरं होतं, बटणही खरंच दाबलं होतं, आणि तरी तिला चोरासारखं वाटलं, कारण मनात कुठंतरी ती खूश झाली होती. एक मार्क! लताबाई रडल्या म्हणून खूश झालेली ती, तिची तिलाच शिसारी आली.

असे तिनं सहा फॉर्म केले. सातव्या दिवशी अंजली मॅडमचा फोन आला. अंजली मॅडम म्हणजे तिच्यावरच्या गटप्रवर्तक, वीस आशांचं काम बघणाऱ्या. दवाखान्यात या, एवढंच म्हणाल्या. आवाजावरूनच चांगुणाला कळलं, आपलं काही खरं नाही.

“चांगुणाताई, ॲप मधूनमधून आवाज टिपतं, माहीत आहे ना?” मॅडमनी मोबाईल पुढं केला. त्यातून चांगुणाचाच आवाज आला, ‘बरं म्हणजे कसं हो?’ “तुम्ही उत्तरं काढून घेताय. सहा फॉर्म रद्द झालेत. आणखी एक सापडला तर तुम्हाला कामावरून कमी करा, असं वरून आलंय. मी कसंबसं थोपवून धरलंय.”

चांगुणा म्हणाली, “मॅडम, पण लोक ‘बरं’ म्हणतात म्हणजे चांगलं म्हणत नाहीत. तुम्हाला माहीत आहे.”

“मला माहीत आहे. मी तसं लेखी कळवलं. उत्तर आलं, भाषांतर तज्ज्ञांनी तपासलेलं आहे.” मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. “आणि एक सांगू? डोंगराकडच्या एका तालुक्याचे मार्क एकेचाळीस आलेत. तिथं या कामाचा एकही डॉक्टर नाही. तिथली माणसं काही परकी आहेत का? त्यांना काय सांगू, नाशिकची माणसं आधीच बरी झालीत, त्यांचं आणखी बरं होऊ द्या?”

खरं तर याच गोष्टीची चांगुणाला जास्त भीती वाटली. समोर कुणी लबाड, दुष्ट असता तर तिनं आवाज चढवला असता, मोर्चा काढला असता. इथं सगळेच आपापल्या जागी बरोबर होते, आणि तिचा दवाखाना जात होता.

निघताना मॅडम म्हणाल्या, “तुमचं स्वतःचं घर यादीत आलंय. आपल्या घराचा फॉर्म आपण भरायचा नाही. शेजारच्या भागातली निकिता येईल, शुक्रवारी, चारला.”

शुक्रवार येईपर्यंत चांगुणाचा जीव टांगणीला लागला. घरात माणसं दोन. ॲप वाल्मीकलाच निवडणार, हे तिनं का कोण जाणे गृहीतच धरलं. आणि तो काय म्हणेल? ‘बरं’ म्हणाला तर दवाखाना गेला. ‘वाईट’ म्हणाला तर नवरा गेला. कुठलं उत्तर हवंय हेच तिला ठरवता येईना. दोनदा ती त्याला सांगायला गेली, की अहो, जरा कमी सांगा. दोन्ही वेळा चहा हवा का, एवढंच विचारून आली. आजारी असल्याचं सोंग करा, असं ह्या माणसाला सांगायचं? सोंग करता करता खरंच तिकडं परतला तर?

शुक्रवारी वाल्मीक तीनला पाळी करून आला, अंघोळ केली, स्वच्छ शर्ट घातला. निकिता चारला आली. पंचविशीची मुलगी, स्कूटीवरची, ओढणी चेहऱ्याला गुंडाळलेली. जयभीम-नमस्कार झाले. तिनं दोघांची नावं भरली, बटण दाबलं आणि म्हणाली, “ताई, तुम्हीच आलात.”

“म्हणजे?”

“ॲपनं तुम्हाला निवडलंय. दादा, जरा बाहेर थांबाल? एकटं विचारायचं असतं.”

वाल्मीक लगेच उठला, दूध आणतो म्हणाला, पिशवी घेऊन बाहेर पडला. चांगुणा खाटेच्या कडेवर बसली. इतके दिवस ती लोकांच्या दारात उभी राहून हे प्रश्न विचारत होती. कुणी तिला विचारेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“गेल्या दोन आठवड्यांत मनातून कसं वाटलं, ताई?”

“ब...” तिनं ओठ आवळले. अहो, तिला किंमत माहीत होती त्या शब्दाची, तरी तोच आला! जिभेवरच राहतो मेला. निकिता बोट बटणांवर धरून थांबली. नियमच तसा. बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

“खूप वाईट,” चांगुणा म्हणाली. आणि ते दोन शब्द बाहेर पडले तशी ती एकदम बोलायलाच लागली. “निकिता, मला भीती वाटते गं. दिवसभर वाटते. ह्यांचा फोन दोन रिंगमध्ये नाही उचलला तर माझं डोकं बधिर होतं. मी फॉर्म अर्धा टाकून वर्कशॉपच्या गेटवर जाऊन आलेय, गुपचूप, लांबूनच बघून. गोळ्यांची पट्टी रोज मोजते. हे हसले तरी भीती वाटते, म्हटलं आज का हसले? गप्प बसले तरी वाटते. तीन वर्षं झाली. कुणाला सांगू? मी आशाताई! लोक मला सांगतात.”

निकितानं पहिलं बटण दाबलं. तिचे डोळे भरले होते, पण नियम म्हणजे नियम. “झोप कशी लागली?”

“झोप?” चांगुणा हसली, वेडंवाकडं. “रात्री तीन-चारदा उठते. ह्यांच्या नाकापुढं हात धरून बघते. श्वास लागला हाताला की मग पडते परत. ह्यांना कळू देत नाही, बिचारे गाढ झोपलेले असतात.”

“नसतो मी झोपलेला.”

दारात वाल्मीक उभा होता. पिशवी रिकामीच होती. दुकानापर्यंत तो गेलाच नव्हता. भिंतीपलीकडं उभा राहून सगळं ऐकत होता. चांगुणा ताडकन उठली.

“जागाच असतो,” तो म्हणाला. अगदी शांतपणे, वर्कशॉपमधली एखादी गोष्ट सांगावी तसा. “तू उठलीस की डोळे मिटून घेतो. श्वास मोठ्यानं घेतो, तुझ्या हाताला लागावा म्हणून. तू घाबरू नयेस एवढ्यासाठी.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून. गोळी निम्मी केली ना डॉक्टरांनी, त्याच्या पुढच्या आठवड्यापासून.”

“अहो, मग सांगितलं का नाही त्यांना? दर महिन्याला जाताय!”

“ते विचारतात, मी बरं म्हणतो.” त्यानं पिशवीची घडी घातली, पुन्हा उलगडली. “गोळी कमी झाली तेव्हा तू आरोहीला फोन करून सांगितलंस. किती खूश झाली होतीस. पुन्हा वाढवा, असं कुठल्या तोंडानं सांगू?”

चार महिने! चार महिने दोघं एका खोलीत, एकमेकांना भिऊन, एकमेकांसाठी झोपेचं सोंग घेत पडली होती. ती त्याचा श्वास तपासत होती आणि तो तिच्यासाठी श्वास घेत होता. इतके दिवस जिची धास्ती होती ती गोष्ट पुढं कधीतरी यायची राहिली नव्हती, ती केव्हाच येऊन घरात बसली होती.

निकिता कावरीबावरी झाली. मोबाईल तसाच तिच्या हातात उघडा होता. “ताई, दादांचं ह्यात लिहिता येणार नाही. एका घरातून एकच माणूस.”

“राहू दे तुझा फॉर्म,” चांगुणा म्हणाली. भिंतीवरच्या घड्याळात चार वीस झाले होते. “शुक्रवारचं पाचपर्यंत असतं ना गं?”

“हो.”

“चला,” तिनं वाल्मीकचा हात धरला.

“आज? आज माझी तारीख नाही.”

“चला म्हणते ना!”

त्याला मोटरसायकल काढू दिली नाही तिनं. कोपऱ्यावरच रिक्षा मिळाली. सुटीची वेळ, कारखाने सुटलेले, रस्त्यावर दुचाक्यांचा नुसता लोंढा. रिक्षा मुंगीच्या पावलानं चालली होती. वाल्मीक बाहेर बघत होता. चांगुणानं त्याच्याकडं पाहिलं. तीन वर्षं जो प्रश्न तिनं विचारला नव्हता, कुठल्या फॉर्मवरही जो नव्हता, तो तिनं विचारला.

“अहो, परत नदीकडं जावंसं वाटतं का?”

पुढची बस हलली, रिक्षा चार हात सरकली आणि पुन्हा थांबली. “वाटतं,” वाल्मीक म्हणाला. “कधी कधी. तू विचारलंस ते बरं...” तो अडखळला, मान हलवली. “विचारलंस म्हणून सांगता आलं.”

चांगुणानं त्याचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि पुढं वाकून रिक्षावाल्याला म्हणाली, “दादा, आतल्या गल्लीतनं घ्या, काहीही करा. पाचला बंद होतं ते.”